बायकोच्या मोगऱ्याचं पाणी

माझ्या बापानं एका सकाळी अख्खा मोगरा उपटला आणि दुपारी दोन भाकरी जास्तीच्या खाल्ल्या. चहाडी म्हणून सांगत नाही. त्या दिवसांत अकोल्याच्या आसपास ज्यानं काहीच उपटलं नाही, असा माणूस शोधायला दिवसा दिवटी लावावी लागली असती. समुद्रापलीकडं कुठल्याशा मुलखात लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला पोचेना, आणि त्यामुळं आमच्या काळ्या मातीतलं बोंड एकाएकी घरचा जावई झालं. ज्वारी गेली, तूर गेली, मोर्णा नदीकाठचा आमचा फुलमळाही गेला. आम्ही जातीचे माळी, आजोबांपासून देवळांना फुलं घालत आलेलो. बापानं मोगऱ्याची मुळं ढेकळांसकट बांधावर फेकली, हात झटकले आणि म्हणाला, "देवाले आता बोंडं वाहू. देवबी खूश होईन."

त्यानंतर दोन वर्षांनी माझं लग्न झालं, आणि ज्या घरानं मोगरा उपटला त्याच घरात माझी बायको मोगरा घेऊन आली.

ती अमरावतीची. माहेर आमच्यासारखंच माळ्याचं, पण हट्टी. साऱ्या अमरावतीत कापसाच्या गाड्यांना रस्ते पुरत नव्हते, आणि हे लोक आपले मोगरा, शेवंती, झेंडू करत बसलेले. त्यांच्या घरची एक रीत होती. लेकीचं लग्न ठरलं की आईच्या मोगऱ्याची एक फांदी वाकवून मातीत दाबायची, तिला मुळं फुटली की तोडायची, आणि ते रोप लेकीबरोबर सासरी धाडायचं. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली की सासरी ते झाड नवऱ्यानं सांभाळायचं. झाड फुललं की त्यानं निरोप पाठवायचा, मग लेक आणि लेकरू परत. नाही फुललं, तर लेक माहेरीच, पुढच्या बहारापर्यंत. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी मांडीवर थाप मारून हसलो होतो. माळ्याच्या पोराला मोगऱ्याची कसली भीती!

बायकोनं ते रोप आमच्या जुन्या शहरातल्या घरामागं, न्हाणीच्या कडेला लावलं. आमची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि कोवळी मुळं तोडून टाकते, म्हणून तिनं कमरेइतका खड्डा करवून त्यात नदीची वाळू आणि माहेरची तांबूस माती भरली. न्हाणीचं पाणी एका दांडानं, म्हणजे मातीत कोरलेल्या पाटानं, झाडाला मिळे. पहिल्या वर्षी नुसती पानं आली. दुसऱ्या वर्षी ती पोटुशी राहिली, आणि दिवाळीनंतर तिचा भाऊ तिला न्यायला आला.

निघायच्या दिवशी तिनं मला झाडासमोर उभं केलं. माझी परीक्षा सुरू झाली.

"सांगा, पानी कधी तोडायचं?"

"पौष लागला का."

"आन मंग?"

"पानं गळू द्यायचे. समदे गळले का छाटायचं, मुळं उघडे करायचे, आठ दिवसानं खत घालून पानी सोडायचं."

"आन मधातच झाड मेल्यावानी दिसलं तं?"

"तरी पानी नाई द्यायचं."

"माह्याकडं पाहून सांगा."

"तुह्याकडं पाहून सांगतो. एक थेंब नाई देणार."

ती हसली नाही. "तहान लागल्याबिगर मोगरा फुलत नाई," एवढं म्हणाली आणि गाडीत बसली. तिचा भाऊ बैलांची वेसण धरून उभा होता. जाता जाता म्हणाला, "जवाईबापू, मायनं सांगतलं हाय. फुलं आले का निरोप धाडजा. मी दोघायले घेऊन येतो."

"चैत्रातच ये," मी छाती काढून म्हणालो. आज त्या छातीची आठवण झाली की मान खाली जाते.

तेव्हा आमचं घर म्हणजे कापसाचं पोट झालं होतं. ओसरीत कापूस, माजघरात कापूस, उतरंडीमागं कापूस. वरणात धागे, दह्यात धागे. दिवसभर माय आणि दोन मजुरणी रेच्यावर बसायच्या. रेचा म्हणजे दोन लाटण्यांमधून कापूस ओढून सरकी वेगळी करायचं लाकडी यंत्र. त्याचं चूं-चूं ऐकत मी झोपायचो आणि तेच ऐकत उठायचो.

पौष लागला. मी मातीचा गोळा घेऊन न्हाणीचा दांड मोठ्या रुबाबात बुजवला आणि पाणी गल्लीकडं वळवलं. शेजारणीनं त्याच दिवशी पायऱ्यांवर उभी राहून माझ्या सात पिढ्या काढल्या, कारण तिच्या दारात चिखल झाला. ते सोसलं. आठवड्यानं पानं पिवळी पडू लागली, तेही सोसलं. पण मायचं काय करावं?

माय झाडाजवळ आली, तिनं पान हातात घेऊन चुरगाळलं आणि माझ्याकडं असं पाहिलं, जसं मी कोणाचा गळा दाबताना सापडलो होतो.

"काबे, हे तुह्या बायकोचं झाड हाय ना?"

"हो माय."

"ते तिकडं पोटुशी, दिवस भरत आले. आन तू इकडं तिचं झाड तहानेनं मारून राहिला?"

"माय, मोगऱ्याची रीतच हाय. आजोबाबी असंच करायचे."

"आजोबा मळ्यातल्या झाडाचं करायचे. हे माह्येराहून आलेलं झाड हाय. याची तहान तिले लागन."

मी माळी होतो, ते मला ठाऊक होतं. मी नवराही होतो, आणि तेवढ्या भागात मला काहीच ठाऊक नव्हतं. मी मायला हात जोडले. तिनं तोंड फिरवलं. वीस दिवस मी त्या झाडाची राखण केली, चोरापासून करतात तशी. माय लोटा घेऊन निघाली की मी आडवा, शेजारीण दयेनं तांब्या घेऊन आली की मी आडवा. झाडाची निम्मी पानं गळली. माझा रुबाब शाबूत होता.

मग एका दुपारी अमरावतीहून गाडीवान आला. आमचा कापूस तोच नेत असे, आणि दोन्ही घरांचे निरोप त्याच्याच तोंडून चालत. मोठा थंड माणूस. बैल सोडले, चिलीम भरली, दोन झुरके मारले, आणि म्हणाला, "तुमच्या बायकोच्या कळा सुरू झाल्या होत्या, मी निघालो तवा."

"मग?"

"मंग काय? निघालो."

"अरे, पुढं काय झालं?"

"मले कसं ठावं असन? माल भरला होता, थांबता येते काय?"

पुढची गाडी आठवड्यानं यायची होती. आता वाचणाऱ्यानं ध्यानात घ्यावं की बाळंतपणाची चौकशी करत नवऱ्यानं सासरी धावत जाणं म्हणजे आमच्याकडं त्या वेळी हसून हसून मरायची गोष्ट. बाप मला कापूस दाबायला बोलवत होता. मी गेलो. पायानं कापूस तुडवत बसलो आणि मनात मोजत बसलो, आता गाडीवान बडनेऱ्याला असताना तिचं काय झालं असेल, मूर्तिजापूरला असताना काय झालं असेल. कळा म्हणजे किती वेळ असतात, हे विचारायला घरात एकच बाई, आणि तिला विचारायची लाज.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी न्हाणीमागं गेलो. झाडाच्या काड्या उरल्या होत्या. शेंड्याला चार पानं, तीही खाली मान घालून. माय तिथंच उभी होती, हातात लोटा. तिनं लोटा पुढं केला फक्त.

मी घेतला.

सगळा ओतला. मग न्हाणीत जाऊन घागर आणली आणि तीही ओतली. तिसऱ्या दिवशी दांडातला मातीचा गोळाच काढून टाकला. पाणी खळखळत मुळांशी गेलं, वाळूनं गटगट करून प्यालं, आणि मला सांगायला शरम वाटते की त्या आवाजानं मला झोप लागली. मोगऱ्याचं शास्त्र मला पाठ होतं. मुळाला मधेच पाणी लागलं की वीस दिवसांची तहान वाया. झाड सुस्तावतं, पानं काढतं, कळ्या विसरतं. सगळं पाठ होतं. तरी ओतलं.

आठव्या दिवशी गाडीवान आला. चिलीम भरली. मी त्याच्या हातातून चिलीम हिसकावून घेतली.

"पोरगी झाली," तो म्हणाला. "दोघी बऱ्या हायेत. चिलीम द्या."

माय रेचा सोडून उठली आणि तिनं झाडाकडं हात करून माझ्याकडं पाहिलं. तिचं म्हणणं सिद्ध झालं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळं वाद घालायची सोय नव्हती.

"आन एक निरोप हाय," गाडीवान धूर सोडत म्हणाला. "बाईनं पडद्याआडून विचारलं, झाडाले पानी तं नाई ना दिलं?"

मी मायकडं पाहिलं. मायनं रेच्याकडं पाहिलं.

"सांग, नाही दिलं," मी म्हणालो.

माघाच्या अखेरीस मोगरा असा तरारला की गल्लीतल्या बाया पाहायला येऊ लागल्या. हिरवंगार, गुबगुबीत पान. कळी औषधालाही नाही. मी उशिरानं छाटलं, मुळं उघडी केली, चुकीवर मलम लावल्यासारखं. तेव्हा बापाला माझी कीव आली. आणि माझ्या बापाला कीव आली की समोरच्यानं पळून जावं.

तो सरकीचं टोपलं घेऊन आला. आमच्याकडं सरकीचे ढीग पडले होते, म्हशी खाऊन कंटाळल्या होत्या.

"हे घाल बुडाशी."

"बा, पेंड घालतात. कच्ची सरकी नाई घालत कोणी."

"म्हशीले सरकी चारली का दूध दाट येते का नाई? मंग झाडाले कावून नाई?"

"झाड म्हैस हाय का?"

"शिकवू नोको लेका. तुह्यापेक्षा जास्त मोगरा मी उपटला हाय."

हा पुरावा कोणाला खोडता येईल? मी शेतावर गेलो असताना त्यानं सरकी घातली, वर माती ओढली, आणि मायनं भरपूर पाणी सोडलं. दोघांनीही प्रेमानं केलं. आठ दिवसांनी मोगऱ्याभोवती कापसाची रोपं उगवली. दाट, एकाला एक खेटून, टोपी काढून उभी राहिलेली वरातच जणू.

मी उपटायला खाली वाकलो, तर मागून ओरडा आला, "हात लावू नोको!"

बाप धावत आला. खरंच धावत. त्याचे डोळे चमकत होते.

"लक्ष्मी आपल्या पायानं घरामागं आली, आन तू तिले उपटतं काबे?"

"बा, मोगरा मरन."

"नाई मरत. दोघं राह्यतीन."

"तुमी अख्खा मळा उपटला तेव्हा काही वाटलं नाई?"

"तो मोगरा होता," बाप शांतपणे म्हणाला. "हा कापूस हाय."

त्या वर्षांत आमच्याकडं कापसाचं उगवलेलं रोप हातानं उपटणं म्हणजे पाटावरचा देव उचलून फेकण्यासारखं होतं. बापानं सांगितलं, मायनंही मान हलवली, आणि शेजारीण, जिनं माझ्या सात पिढ्या काढल्या होत्या, तिनं येऊन हळदकुंकू वाहिलं. मी रोज संध्याकाळी न्हाणीमागं उकिडवा बसायचो. मोगऱ्याची पानं पुन्हा पिवळी पडू लागली होती, कारण त्याचं अन्न-पाणी आता ही वरात खात होती. एक रोप उपटलं असतं तरी बापाला कळलं असतं. तो सकाळी येऊन मोजायचा. तिकडं माझी मुलगी दोन महिन्यांची झाली होती, आणि मी तिचं नाक कसं आहे हेसुद्धा गाडीवानाला विचारत होतो. "नाकासारखं हाय," तो म्हणायचा.

चैत्र उलटला. वैशाखात गाडीवानानं मेहुण्याची खबर आणली, "तुमचा साया परवा येऊन राहिला. म्हणे, निरोप कावून नाई, पाहून येतो."

आता मी काय केलं ते ऐका, आणि हसायचं असेल तर हसा. मी स्वतः आजही हसतो. नदीपलीकडं एकच म्हातारा माळी उरला होता ज्यानं मोगरा राखला होता. भल्या पहाटे मी त्याच्या वाफ्याशी जाऊन उभा राहिलो.

"मूठभर कळ्या पाहिजेत, काका."

त्यानं मला खालून वर पाहिलं. "तुह्या बापानं उपटला, आन तू मागून राहिला? बोंडं घाल ना बायकोच्या डोक्यात!"

मी खाली मान घालून उभा. शेवटी त्यानं ओंजळभर कळ्या दिल्या. "घे. माळ्याचं पोरगं कळ्या मागते, हे पाह्याचं राह्यलं होतं."

घरी येऊन मी दोरा घेतला, आमच्याच कापसाचा, आणि झाडावर एकेक कळी बांधली. पानाआड गाठ, देठाशी देठ. नाटकातल्या राजालाही कोणी इतक्या निगुतीनं सजवलं नसेल. दुपारी मेहुणा आला, जेवला, लवंडला. तिन्हीसांजेला आम्ही सगळे न्हाणीमागं गेलो. कळ्या उमलल्या होत्या, घमघमाट सुटला होता. मी हात पसरून म्हणालो, "पाहा!"

मेहुणा वाकला. वास घेतला. मग एक फूल दोन बोटांत धरून बराच वेळ पाहत राहिला.

"जवाईबापू, माह्या मायचं झाड एकेरी हाय. पाच-सात पाकया, बस. हा तं बटमोगरा. गोल, गच्च."

त्यानं फुलाच्या देठाशी बोट फिरवलं.

"एका झाडाची जात बदलली, हे पयल्यांदाच पाहून राहिलो," असं म्हणून त्यानं फूल ओढलं, आणि त्याच्यामागून हातभर दोरा निघाला.

बाप आधी फुसकन हसला, मग पोट धरून. "अबे गधड्या, बटमोगरा? एकेरी झाडाले बटमोगरा?" कापसानं त्याचा मळा नेला होता, डोळा नेला नव्हता. माझा मात्र नेला होता. पहाटे ती ओंजळ मी हातात धरली होती, नाकाला लावली होती, आणि मला त्यात फक्त पांढरं दिसलं होतं.

मेहुणा हसला नाही. त्यानं खुरपं मागितलं आणि बूड मोकळं करू लागला. बाप ओरडला, "कापूस तुटन!" तेव्हा त्यानं वर पाहून शांतपणे विचारलं, "मामा, मंग कापसासकट नेऊ?" आणि खरोखर मातीच्या गोळ्यासकट, वरातीसकट, त्यानं झाड टोपल्यात घातलं. गाडीत बसताना मला म्हणाला, "राग नोका धरू. झाड फुलन तवा बहीण येईन. तुमच्या घरी नाई फुललं, आमच्या घरी फुलू द्या."

माय त्या रिकाम्या खड्ड्यात दोन दिवस पाणी सोडत होती. सवयीनं.

पुढच्या आठ महिन्यांत मी तीनदा अमरावतीला गेलो. जावयाचा पाट, जावयाची पुरणपोळी. मुलगी आणून मांडीवर ठेवत, रडली की उचलून नेत. बायको दाराआडून बोले, तेही झाडाबद्दलच. तिला पाण्याचं सगळं कळलं होतं. मायनंच गाडीवानाकडून प्रांजळपणे कळवलं होतं. पौष लागला तेव्हा सासू मला म्हणाली, "या वर्साचं पानी तुमीच तोडा. आमी कोणी हात लावत नाई."

असा मी चैत्रापर्यंत सासुरवाडीला राहिलो, गल्लीतल्या लोकांची करमणूक होऊन. झाड अंगणात होतं, कापूस केव्हाच काढलेला. मी दांड बुजवला. पानं पिवळी झाली, गळू लागली. मुलगी अकरा महिन्यांची, धरून धरून चालायची. आजीच्या मागं हिंडून तिला एकच काम येत होतं: फुलपात्र भरून झाडाला पाणी घालणं. एका सकाळी ती फुलपात्र सांभाळत, निम्मं सांडत, मोगऱ्याशी आली. तिनं झाडाकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मला दाखवत होती ती. बापाला काम दाखवत होती.

सासू ओट्यावर, बायको दारात. कोणी हललं नाही.

मी तिच्या हातातून फुलपात्र काढून घेतलं.

तिनं असा टाहो फोडला की शेजारची माणसं बाहेर आली. मी तिला उचलायला गेलो तर तिनं माझ्या तोंडावर दोन्ही हात मारले. दुसऱ्या दिवशी पुन्हा फुलपात्र, पुन्हा टाहो. तिसऱ्या दिवशी मला पाहताच रडणं. तिला काय सांगणार होतो मी? सव्वा महिना झाडाला आणि पोरीला दोघांनाही मी तहानेलं ठेवलं, आणि दोघांपैकी एकालाही ते समजावून सांगता येत नव्हतं.

चैत्रात झाड फुललं. पाच-सात पाकळ्यांचं, एकेरी, रोज सूपभर. सासूनं निरोपाची वाट पाहिली नाही. मी तिथंच होतो. तिनंच लेकीच्या केसांत गजरा माळला, झाड टोपल्यात घातलं, आणि आम्ही अकोल्याला निघालो.

मुलगी आईच्या मांडीवर, माझ्याकडं पाठ करून. बडनेरा गेलं तरी पाठच. मूर्तिजापूरच्या पुढं ती आईच्या खांद्यावर चढली, गजऱ्यातलं एक फूल तोडलं, माझ्याकडं रोखून पाहिलं आणि ते रस्त्यावर टाकलं. मग दुसरं. मग तिसरं.

"अवं, आवर तिले," मी म्हणालो.

बायकोनं मान जरा तिरकी केली, पोरीचा हात नीट पोचावा म्हणून. "तुमीच आवरा," ती म्हणाली.

मी हात पुढं केला. पोरीनं तोंड वाकडं केलं, श्वास भरून घेतला. मी हात मागं घेतला. अकोला येईपर्यंत गजऱ्यात नुसता दोरा उरला.